पुढचा उजवा खांदा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आईलाही नाही — आई आता नाही, पण ती असती तरी सांगितलं नसतंच. दरवर्षी शिमग्याला पालखी दारात येते, गुरव मोठ्यांदा गाऱ्हाणं घालतो, कळत-नकळत काही चुकलं असेल तर पोटात घाल म्हणतो, आणि मी हात जोडून मान खाली घालून उभा असतो. सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मीही म्हणतो. माझं जे चुकलं त्यात नकळत काही नव्हतं. देवाला ते ठाऊक असणार, पण आपण होऊन मी त्यालाही सांगितलेलं नाही.

मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या गावचे नाही म्हणून असेल. किंवा गेल्या महिन्यात एक गोष्ट घडली, तेव्हापासून झोप नीट लागत नाही, म्हणून असेल. तिच्याकडे येतोच. पण आधीचं सांगितल्याशिवाय ती कळायची नाही, आणि आधीचं सांगायला लागलो की माझं मलाच कुठून सुरुवात करू ते समजत नाही.

आमचं गाव रत्नागिरीपासून तासाभरावर, गणपतीपुळ्याकडे जाताना आत वळलं की. मी वीज खात्यात वायरमन आहे. बायको आणि मुलगा शाळेसाठी रत्नागिरीत खोली घेऊन राहतात. शनिवारी मी तिकडे जातो, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. बाकीचे दिवस घरात मी एकटा, आणि मधल्या दगडी गडग्याच्या पलीकडे, त्याच्या घरात, अनंता एकटा. गाव त्याला अंत्या म्हणतं. तोंडावर मीही अंत्याच म्हणतो. इथे लिहिताना मात्र अनंता लिहावंसं वाटलं.

संध्याकाळी तो माझ्या पडवीत येतो, नाहीतर मी त्याच्या. चहा होतो. बांगडा काय भावाने मिळाला, कुणाच्या काजूला मोहर धरला, कुणाचा मुलगा मुंबईहून आला, एवढं बोलून होतं. मग दोघंही समोरच्या रस्त्याकडे बघत बसतो. बघणाऱ्याला वाटेल, काय मैत्री आहे! चाळीस वर्षांची आहेही. जगात ज्याच्यापाशी मला काही लपवावं लागत नाही असा हा एकच माणूस. आणि त्याच्याशीच मला बोलता येत नाही.

अनंताला बायको होती, ती आता न्यूझीलंडला असते. त्याला नऊ वर्षांची मुलगी आहे, तीही तिथेच. मुलीला त्याने अजून एकदाही जवळ घेतलेलं नाही. फोनमध्ये बघितलंय, तेवढंच. पोलिसांचा एक कागद मिळाला नाही म्हणून त्याचं जायचं राहिलं, असं गावात सांगतात. कागद का मिळाला नाही, तेही सांगतात — अंत्याने शिमग्यात माणसाचा हात मोडला, केस झाली, मग कोण देतंय दाखला? गाव जे सांगतं ते खोटं आहे. ते खोटं आहे हे दोघांनाच माहीत आहे, आणि ते दोघे रोज संध्याकाळी एकत्र चहा पितात.

आता पालखीचं सांगायला हवं.

आमच्या ग्रामदेवतेची पालखी शिमग्यात देवळातून निघते, सहाणेवर — म्हणजे चिऱ्यांनी बांधलेल्या मोठ्या चौथऱ्यावर — बसते, आणि तिथून घरोघर जाते. वाटेत कुणीही खांदा द्यावा, पण सहाणेवरून पालखी उचलायची ती मानकऱ्यांनीच. चार खांदे, चार घरं. पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. पुढचा उजवा खांदा अनंताच्या घराचा. आमच्या घराकडे होळीला लाकडं पोचवायचा मान आहे. तोही मानच, पण त्याला कोण बघतं? लहानपणी आम्ही केळीच्या खोडाच्या सोपाची पालखी करून खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, नाचवायचो. तेव्हाही मी पुढे उजवीकडे गेलो की अनंता मला ढकलायचा, म्हणायचा, ‘तो आमचा मान हाय, तू मागं हो.’ खेळातली गोष्ट. पण ती माझ्या डोक्यात बसली होती. मोठा झालो तरी गेली नाही. शिमगा जवळ आला की मी त्याला म्हणायचो, एकदा तरी धरू दे रे. तो हसायचा.

त्या वर्षी आम्ही दोघे चोविशीत होतो. पालखी दोन दिवस नाचत होती आणि अनंताचा खांदा सुजला होता. सहाणेवरून पुन्हा उचलायची वेळ आली तेव्हा उन्हं उतरली होती. सगळ्यांचे चेहरे गुलालाने लाल. सगळ्यांचे कपडे पांढरे, डोक्याला एकसारखे फेटे. अनंता माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “पम्या, आज तू धर. आप्पा पुढं गेलेत. गुलालात कोन बघतंय?” आप्पा म्हणजे त्याचे वडील. मान बाहेरच्या घरात दिला हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी मुलाला घरात घेतलं नसतं, असा माणूस. तरी त्याने मला खांदा दिला. मी मागितलं होतं, म्हणून दिला. दुसरं काही कारण नव्हतं.

मी धरला. कसं वाटलं ते आता सांगायला लाज वाटते, पण छाती भरून आली होती, हे खरं.

सहाणेच्या पायऱ्यांशी वाद सुरू झाला. पालखी आधी वरच्या वाडीत जायची की खालच्या, हा जुनाच वाद. दर दोन-तीन वर्षांनी उकरून निघतो आणि आरडाओरडा होऊन मिटतो. वरच्या वाडीतला गजा आडवा आला आणि त्याने माझ्या बाजूचा दांडा धरला. मागून ढोल वाजत होते, मागचे लोक रेटत होते. पुढे कोर्टात सगळ्यांनी हेच सांगितलं, की रेटारेटीत झालं. मीही मनाशी बरीच वर्षं तेच म्हणत राहिलो. पण तुम्हाला सांगतो — मागून रेटा आला त्याआधी मी पाय रोवून उभा होतो. मला थांबता येत होतं. हा माझ्या पहिल्याच खेपेला आडवा येतो म्हणजे काय, असं वाटलं, आणि मी सगळा जोर लावून दांडा त्याच्या छातीवर मारला. गजा पायऱ्यांवरून उलटा पडला. हात कोपरापासून वाकडा झालेला मी बघितला, आणि त्या गडबडीत दांडा दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर देऊन गर्दीत मागे सरलो.

फिर्याद गजाच्या भावाने दिली. गुलालात चेहरे त्याला कुठे ओळखू आले होते? गजाला नाही, बाकीच्या खांदेकऱ्यांनाही नाही. पुढच्या उजव्या खांद्याला कोण होतं, असं पोलिसांनी विचारलं, आणि त्याने तो मान ज्या घराचा आहे त्या घराच्या मुलाचं नाव सांगितलं. त्यात त्याचं काही चुकलं असं आमच्या गावात कुणीही म्हणणार नाही. त्या जागी दुसरा कोणी असेल हे त्याच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं. खुद्द आप्पांच्याही आलं नाही. त्यांनी पोलिसांसमोर छाती पुढे काढून सांगितलं की होय, तिथे माझाच मुलगा होता, दुसरा कोण असणार?

झालं. वडिलांनीच असं सांगितल्यावर अनंता काय बोलणार? जीपमध्ये बसताना त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. आता तू बोलशील ना, असं बघितलं. माझी तर पाचावर धारण बसली होती. मी नजर खाली घातली आणि पायातली चप्पल नीट केल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटून आला. मी रात्रभर ठरवत होतो की सकाळी जायचं आणि सांगायचं. गेलोही. पोलीस ठाण्यात नाही, त्याच्याकडे. त्याच आठवड्यात मला वीज खात्याचं मुलाखतीचं पत्र आलं होतं, हे त्याला माहीत होतं. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, “नोकरीचं होऊ दे तुझं. मग बघू.”

मग बघू. हे त्याने मला दिलेलं दुसरं उसनं. पहिलं, तो खांदा.

सरकारी नोकरीला पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी होते. माझी झाली. माझ्या नावावर काय असणार? दाखला आठवड्यात आला, आणि मी नोकरीला लागलो. पेढे घेऊन पहिल्यांदा अनंताकडेच गेलो. त्याने पेढा खाल्ला, बरं झालं म्हणाला. मग तो थांबला. मीही थांबलो. काही वेळाने मी म्हटलं, अजून कायम व्हायचं आहे रे, थोडे दिवस जाऊ दे. तो म्हणाला, हं. पुढे मी कायम झालो. मग आईचं आजारपण निघालं. मग माझं लग्न. भिजत घोंगडं म्हणतात ना, तसं ते पडून राहिलं. अनंताने पुन्हा कधी विचारलं नाही. तो तारखेला रत्नागिरीला कोर्टात जाऊन यायचा. सकाळची गाडी पकडायचा, संध्याकाळी यायचा, पुढची तारीख पडली म्हणायचा. बोटीवर नोकरीला जायचं म्हणून त्याने आधीच पासपोर्ट काढून ठेवला होता. ते मग राहिलंच.

तीन वर्षांनी त्याचं लग्न ठरलं. मुलगी लांज्याची, स्वप्नाली, रत्नागिरीत एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. बोलायला स्पष्ट, हसायला मोकळी. केसचं तिला कुणी सांगितलं नाही, आणि लग्नानंतरही ती नोकरीसाठी रत्नागिरीतच राहायची, त्यामुळे गावातलं बोलणं तिच्या कानावर गेलं नाही. आप्पांना त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं — मानासाठी झालेली केस, लाज कसली? आणि अनंता गप्प राहिला. का, ते मला ठाऊक आहे. त्याला वाटत होतं, हे आज ना उद्या मिटणार. पम्या मिटवणार.

स्वप्नाली हुशार होती. इंग्रजीच्या परीक्षा दिल्या, कसले कसले अर्ज केले, आणि लग्नानंतर वर्षभरात न्यूझीलंडला मोठ्या इस्पितळात लागली. आपण आधी जायचं आणि नवऱ्याला मागून बोलवून घ्यायचं, असं तिने ठरवलं होतं. वर्षाने महिनाभर सुट्टीवर आली आणि परत गेली, तेव्हा तिला दिवस गेले होते. तिकडून तिने यादी पाठवली: लग्नाचा दाखला, दोघांचे एकत्र फोटो, बँकेचे कागद, आणि पोलिसांचं प्रमाणपत्र, की या माणसाविरुद्ध काही नाही. मूल व्हायच्या आत त्याने तिकडे पोचावं एवढंच तिचं म्हणणं होतं.

पोलिसांच्या प्रमाणपत्राचा अर्ज मी भरून दिला. मोबाइलवर भरायचा असतो, आणि अशा गोष्टी गावात माझ्याकडेच येतात. याच पडवीत, दोघे शेजारी शेजारी बसलो होतो. नाव, पत्ता, वडिलांचं नाव. मग प्रश्न आला: तुमच्याविरुद्ध कोणताही फौजदारी खटला चालू आहे का? मी तो मोठ्यांदा वाचला. अनंता माझ्याकडे बघत राहिला. ‘हो’ केलं असतं तर खाली चौकट उघडणार होती: कुठला खटला, काय कलम, काय झालं होतं. काय झालं होतं ते आम्ही दोघांनी कधी तोंडातून काढलं नव्हतं, आणि आता ते मला टाइप करावं लागलं असतं. मी म्हटलं, “नाही टाकूया. एवढं कोण बघतंय?”

आणि टाकलं.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. पासपोर्टच्या केंद्रातून कागद पोलीस ठाण्यात गेला, तिथे हल्ली कॉम्प्युटरमध्ये नाव घालतात. हवालदाराने फोन करून सांगितलं, दोन शेजारी घेऊन या, वर्तणुकीबद्दल सही लागते. एक दुकानदार आला, एक मी. हवालदार वयस्क होता, चष्मा कपाळावर. त्याने अनंताला विचारलं, केस असताना ‘नाही’ कसं लिहिलंत? अनंता म्हणाला, चुकून झालं. मग हवालदार आमच्याकडे वळला.

“तुम्हाला केसचं माहीत होतं?”

दुकानदार म्हणाला, गावात सगळ्यांनाच माहीत आहे. मी म्हटलं, किरकोळ असेल साहेब. हवालदार म्हणाला, हात मोडला तर किरकोळ कसं? त्या दिवशी तुम्ही होता का तिथे?

मी म्हटलं, “होतो. पण मागे. गर्दीत काही दिसलं नाही.”

अनंता माझ्या शेजारी, हातभर अंतरावर, लाकडी बाकावर बसला होता. नखाने हातातल्या फायलीची पट्टी खरवडत होता. हवालदाराने कागद पुढे केला आणि त्यावर मी सही केली. ‘सदर इसमास मी लहानपणापासून ओळखतो. त्यांची वर्तणूक चांगली आहे.’ त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. खरं लिहून सही केली, आणि खोटं तोंडाने सांगितलं.

प्रमाणपत्र नाकारलं गेलं. खटला चालू आहे, आणि वर माहिती दडवली, असा शेरा. तिकडे स्वप्नालीला तिची कागदपत्रं बघणाऱ्या बाईने समजावून सांगितलं की तुझ्या नवऱ्यावर मारहाणीची केस आहे आणि त्याने ती लपवली आहे.

मला वाटत होतं, मी सांगायचं ठरवलं ते एवढंच आहे. इथे थांबता आलं असतं. इथपर्यंत मी भित्रा होतो, आणि भित्रे पुष्कळ असतात. पण यानंतर एक फोन आला, आणि जे मी खरं तर कुणाला सांगितलेलं नाही, ते हे.

मी खांबावर होतो. एका वाडीची लाइन गेली होती, काजूची फांदी पडली होती तारेवर. खाली उतरलो तर परदेशी नंबरचे तीन मिस्ड कॉल. परत लागला तेव्हा काजूखाली उभा होतो, पट्टा कमरेला तसाच. स्वप्नाली होती. सातवा महिना चालू होता तिला. आवाजात रडू नव्हतं, विचार करून फोन केला होता.

म्हणाली, “भावोजी, ते मला काहीच सांगत नाहीत. नुसते गप्प बसतात. मी इथे अपघात विभागात आहे, मार खाऊन आलेली माणसं रोज बघते. मला फक्त एवढं सांगा — त्यांनी खरंच मारलं होतं का? तुम्ही नाही म्हणालात तर मी वाट बघेन, कितीही वर्षं लागू देत. दुसऱ्या कुणाला मी विचारणार नाही.”

यापेक्षा सोपं कुणी काय विचारणार? ‘नाही’ एवढाच शब्द. माझं नाव घ्यायचीही गरज नव्हती. त्याने मारलं नाही, मी तिथे होतो, मी बघितलं — एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मला पुढचा प्रश्न दिसत होता. मग कुणी मारलं?

मी म्हटलं, “शिमग्यात होतं असं कधी कधी, वहिनी.” एवढ्यावर थांबलो असतो तरी… पण ती पलीकडे काही बोलेना, आणि ती शांतता मला सोसेना. ती भरून काढायला मी आणखी बोललो. म्हटलं, “तसा पहिल्यापासून जरा तापटच आहे तो.”

तापट. अनंता. ज्याने आयुष्यात कुत्र्याला दगड मारला नाही तो. हे मी पोलिसांना नाही, कोर्टात नाही, तर त्याच्या बायकोला सांगितलं, तिच्या पोटात त्याचं मूल असताना. तिने ‘बरं’ म्हटलं. तब्येतीला जपा, असं मीच म्हणालो वर. मग तिने फोन ठेवला आणि मी पुन्हा खांबावर चढलो, कारण लाइन जोडायची होती.

मुलगी झाली. नाव आर्या ठेवलं. स्वप्नाली पुन्हा गावी आली नाही. आर्या दोन वर्षांची झाली तेव्हा घटस्फोटाचे कागद आले. अनंताने ते माझ्याकडूनच वाचून घेतले, इंग्रजीत होते म्हणून. कुठे सही करायची त्यावर मी पेन्सिलीने फुल्या मारून दिल्या. आप्पा त्याच पावसाळ्यात गेले, मुलाने घराचा मान राखला या समाधानात गेले. त्यानंतर दोन वर्षांनी गजा मुंबईहून आला, आपसात मिटलं असं कोर्टात लिहून देऊन गेला, आणि केस संपली. इतकं सोपं होतं ते शेवटी. एका दुपारचं काम.

केस संपल्यावर अनंताने काय केलं असेल? पोलिसांच्या प्रमाणपत्राचा पुन्हा अर्ज केला. कशासाठी? त्याला कुणी मागितलं नव्हतं, कुठे द्यायचं नव्हतं. मी तेही विचारलं नाही. पुन्हा दोन शेजारी लागले, पुन्हा मी गेलो, पुन्हा वर्तणूक चांगली म्हणून सही केली. या खेपेला कागद आला. काहीही प्रतिकूल नाही, असा. असा कागद काही महिनेच चालतो, मग शिळा होतो. त्याने तो प्लॅस्टिकमध्ये घालून देवाच्या तसबिरीमागे ठेवला आहे. दिवा लावताना त्याचं टोक दिसतं.

तो साधू आहे असं समजू नका. शिमग्यात आता पुढचा उजवा खांदा तोच धरतो, आणि इतक्या वर्षांत त्याने मला वाटेतसुद्धा कधी खांदा दिलेला नाही. एकदा मी जवळ गेलो तर हसत म्हणाला, “तुझा नंबर होऊन गेला.” आजूबाजूचे हसले, त्यांना थट्टा वाटली. त्याच्या घरचा फ्यूज गेला की मला हाक मारतो आणि मी जोडत असताना पाठमोरा उभा राहतो. बस्स, एवढंच. याहून जास्त त्याने मला काही केलं असतं तर बरं झालं असतं असं वाटायचं एके काळी. आता तसंही वाटत नाही.

आता गेल्या महिन्यातलं.

स्वप्नालीने मुलीला बापापासून तोडलेलं नाही, हे तिचं मोठेपण. बुधवारी सकाळी नऊच्या सुमाराला आर्याचा फोन येतो. तिकडे तेव्हा शाळा सुटलेली असते. अनंताच्या घरात रेंज येत नाही, माझ्या खळ्यात येते, म्हणून तो इथे येऊन बसतो. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी बोलते. मला पमूकाका म्हणते. त्या दिवशी अनंता तिच्याशी बोलता बोलता म्हणाला, थांब हां, चहा उतू जाईल, आणि फोन माझ्या हातात देऊन माझ्या स्वयंपाकघरात गेला. पडद्यावर आर्या. पुढचा एक दात पडलेला. ती जरा जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली —

“पमूकाका, बाबांनी खरंच एका माणसाचा हात मोडला होता?”

तोच प्रश्न. आईने विचारलेला, आता मुलीने. नऊ वर्षांनी पुन्हा माझ्यासमोर येऊन उभा राहिलेला. घरात तिसरं कुणी नाही. नोकरीला आता कसला धोका नाही, गजा सुखात आहे, आप्पा नाहीत, केस नाही. काय जाणार होतं माझं? एका लहान मुलीचं मत. तेवढंच.

मी म्हटलं, “हॅलो? हॅलो? आवाज येत नाही गो तुझा. तुटतोय.” आणि फोन इकडे तिकडे फिरवला, रेंज शोधल्यासारखा.

वळलो तर दारात अनंता उभा होता, दोन्ही हातांत कप. त्याने ऐकलं होतं. तिचंही आणि माझंही. त्याने कप गडग्यावर ठेवले, एकेक करून, सांडू न देता. हात लेंग्याला पुसले आणि माझ्या हातातून फोन घेतला.

“व्हय गो बाय,” तो तिला म्हणाला. “मोडला होता मी. पालखीत भांडण झालं, मी ढकललं, तो पडला. वाईट केलं मी.”

मग तिने विचारलं, सॉरी म्हणालात का त्यांना? अनंता म्हणाला, नाय. राहिलं. ती म्हणाली, म्हणायला पाहिजे होतं. तो म्हणाला, खरं आहे. मग तिने त्याला पडलेला दात दाखवला, डबीत ठेवलेला, आणि ते दोघं दाताबद्दल बोलायला लागले.

मी गडग्याशी उभा होतो. फोन ठेवल्यावर त्याने एक कप मला दिला, एक स्वतः घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. चहात साखर कमी आहे म्हणाला. मी आत जाऊन साखरेचा डबा आणला.

त्या माणसाचा हात मी मोडला. मी प्रमोद, पुढच्या उजव्या खांद्याला मी होतो, अनंता नव्हता. त्याच्या बायकोने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, आणि मुलीने विचारलं तेव्हा आवाज येत नाही म्हणालो. आवाज स्वच्छ येत होता. फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या होत्या.